निळ्यांचे तांबडे दिवस : कार्डिफ सिटीच्या रंगबदलाचं प्रकरण

१७ ऑगस्ट २०१२, शुक्रवारची संध्याकाळ. वेल्सची राजधानी कार्डिफ. कार्डिफ सिटी फुटबॉल क्लबचा नव्या हंगामातला घरचा पहिला सामना होता, समोर हडर्सफील्ड टाउन. यजमान संघ मैदानात उतरला तो लाल जर्सी आणि काळ्या चड्ड्या घालून. शंभर वर्षांहून जास्त काळ हा संघ घरी निळ्यात खेळत आला होता. त्याचं टोपणनावच ‘ब्लूबर्ड्स’, निळे पक्षी. स्टँडमध्ये कित्येकांच्या अंगावर जुन्या निळ्या जर्सी होत्या, गळ्यात निळे स्कार्फ होते. नव्वद मिनिटं गोल झाला नाही. मग भरपाईच्या वेळेत कर्णधार मार्क हडसनने गोल केला आणि कार्डिफने सामना १-० ने जिंकला. निळा स्कार्फ घातलेली माणसं लाल जर्सीतल्या खेळाडूसाठी उड्या मारून उठली.

मला या लेखात त्या माणसांविषयी लिहायचं आहे. ती गोलला उठली म्हणजे त्यांनी लाल रंग मान्य केला, असा अर्थ तेव्हा काढला गेला, आजही काढला जातो. तो मला चुकीचा वाटतो. त्यांच्याकडून संमती घेतली गेली ती आधी भीती दाखवून, आणि अशा संमतीवर उभं केलेलं काही टिकत नाही. अडीच वर्षांत ते कसं कोसळलं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

निळा कुठून आला

क्लबची सुरुवात १८९९ ची. रिव्हरसाइड नावाच्या क्रिकेट क्लबच्या खेळाडूंना हिवाळ्यात हातपाय हलवायला काहीतरी हवं होतं म्हणून बार्टली विल्सन या शिळाछाप चित्रकाराने फुटबॉलचा संघ काढला. त्या संघाचे कपडे चॉकलेटी आणि पिवळसर होते. कार्डिफला १९०५ मध्ये शहराचा दर्जा मिळाला, १९०८ मध्ये क्लबने ‘कार्डिफ सिटी’ हे नाव घेतलं आणि त्याच सुमारास निळा रंग आला. म्हणजे निळा काही आरंभापासूनचा नाही. लाल रंगाच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा हमखास काढत. मुद्दा खरा आहे, पण लंगडा आहे. चॉकलेटी रंगात खेळणारा रिव्हरसाइड एका वस्तीचा संघ होता. शहराचा संघ म्हणून लोकांनी ज्याला ओळखलं, तो निळाच होता. ‘ब्लूबर्ड्स’ हे टोपणनाव मॉरिस मेटरलिंक यांच्या ‘द ब्लू बर्ड’ या नाटकावरून पडलं असं मानतात. ते नाटक १९११ मध्ये कार्डिफच्या रंगभूमीवर आलं होतं.

मग १९२७. २३ एप्रिल रोजी वेम्ब्लीवर एफ.ए. कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेची अंतिम लढत झाली. लाल जर्सीतल्या आर्सेनलविरुद्ध निळं कार्डिफ. ह्यूई फर्ग्युसनने मारलेला चेंडू आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस याच्या हातातून निसटून गोलात गेला. लुईस स्वतः वेल्शच. कार्डिफने १-० ने कप जिंकला. त्याआधी आणि त्यानंतर आजवर इंग्लंडबाहेरच्या कोणत्याही क्लबने हा कप जिंकलेला नाही. क्लबच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस, आणि तो निळ्यातला.

लाल हा वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा रंग, तेव्हा कार्डिफकरांना तो परका कसा, असंही विचारलं जाई. देशाच्या सामन्याला लाल घालणारा माणूस शनिवारी क्लबच्या सामन्याला निळा घालतो, यात त्याला कधी अडचण आली नव्हती. देश वेगळा, क्लब वेगळा. शिवाय सेव्हर्न नदीच्या पलीकडे ब्रिस्टल सिटी आहे, कार्डिफचा जुना प्रतिस्पर्धी. त्यांचा रंग लाल. बाहेरच्या माणसाला लाल हा निव्वळ एक रंग वाटेल, पण स्टँडमध्ये वाढलेल्या माणसाला त्यात पलीकडचा काठ दिसतो.

गरज किती होती

मालकावर राग काढण्याआधी क्लबची तेव्हाची अवस्था समजून घेतली पाहिजे, नाहीतर पाठीराख्यांचं वागणंही कळणार नाही. क्लब वर्षानुवर्षं कर्जात रुतलेला होता. २००९ मध्ये निनियन पार्क हे जुनं मैदान सोडून संघ शेजारच्या नव्या कार्डिफ सिटी स्टेडियमवर आला, पण हिशेब काही सुधारला नाही. २०१० च्या सुरुवातीला करवसुली खातं थकबाकीसाठी क्लबला न्यायालयात खेचत होतं. क्लब विसर्जित करा, अशी ती मागणी होती. अशा वेळी मे २०१० मध्ये मलेशियन गुंतवणूकदार आले. अध्यक्ष झाले चान तिएन घी. खरा पैसा होता बर्जाया उद्योगसमूहाचे संस्थापक व्हिन्सेंट टॅन यांचा.

मैदानावरही जीव टांगणीला होता. प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीचं, दार दर वर्षी दिसायचं आणि तोंडावर बंद व्हायचं. २०१० मध्ये बढतीच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलने ३-२ ने हरवलं. २०११ मध्ये उपांत्य फेरीत रेडिंगने. फेब्रुवारी २०१२ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलशी २-२ बरोबरी झाली आणि पेनल्टींवर हार पत्करावी लागली. मे महिन्यात पुन्हा बढतीची उपांत्य फेरी आली आणि वेस्ट हॅमने दोन सामने मिळून ५-० ने धुव्वा उडवला. कार्डिफ १९६२ पासून वरच्या श्रेणीत नव्हतं. पन्नाशीतल्या पाठीराख्यालाही तिथे आपला संघ खेळताना पाहिल्याची आठवण नव्हती.

मे-जूनमधले चार आठवडे

या प्रकरणाचा गाभा या चार आठवड्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

वेस्ट हॅमकडून झालेल्या पराभवाची जखम ओली असतानाच बातमी फुटली. संघ लाल रंगात खेळणार, बोधचिन्हावर ड्रॅगन येणार. आशियात लाल हा शुभ आणि आनंदाचा रंग, ड्रॅगन तिथेही ओळखीचा आणि वेल्सच्या झेंड्यावरही, तेव्हा दूरच्या बाजारपेठेत क्लब चालेल, असा हिशेब होता. पाठीराख्यांत भडका उडाला. तो पाहून मेच्या दुसऱ्या आठवड्यात अध्यक्षांचं खुलं पत्र आलं. विरोध लक्षात घेऊन रंगबदलाचा प्रस्ताव मागे घेत आहोत, असं त्यात होतं. त्यासोबत आणखी एक गोष्ट होती. यापुढे क्लबमध्ये किती आणि कशी गुंतवणूक करायची याचा गुंतवणूकदारांना फेरविचार करावा लागेल.

हे दुसरं वाक्य वाचून शहरातल्या माणसाच्या पोटात गोळा आला असणार. न्यायालयाच्या वाऱ्या संपून दोनच वर्षं झाली होती. आता पैसेवाला उठून गेला तर? हा प्रश्न क्लबने मोठ्याने विचारला नाही. त्याची गरजही नव्हती. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो, पण इथल्या गरजवंताला अक्कल पुरेपूर होती. कमी होते ते पर्याय.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यांत क्लेशकारक वाटतं. भांडण मालक आणि पाठीराखे यांच्यात राहिलंच नाही, ते पाठीराख्यांच्या आपापसांत सुरू झालं. काल खांद्याला खांदा लावून ओरडणारी माणसं एकमेकांना ‘तुम्ही क्लब बुडवायला निघालात’ आणि ‘तुम्ही क्लब विकायला निघालात’ असं म्हणू लागली. विरोध करणारे मूठभर आणि हट्टी आहेत, गप्प बसलेल्या बहुसंख्यांना पैसा आणि यश हवं आहे, अशी मांडणी रुजली. गप्प बसलेल्यांच्या मनात काय होतं, हे कोणीच विचारलं नाही. मतदान झालं नाही, सभासदांचा कौल घेतला गेला नाही. ६ जून २०१२ रोजी क्लबने जाहीर केलं की लाल रंग येणार. दहा कोटी पौंडांपर्यंतच्या गुंतवणुकीची चर्चा होती. जुनं कर्ज मिटेल, सरावाची जागा सुधारेल, स्टेडियम वाढेल, खेळाडू घेता येतील. नव्या बोधचिन्हात मोठा लाल ड्रॅगन होता, ‘फायर अँड पॅशन’ ही अक्षरं होती आणि निळा पक्षी तळाशी बारीकसा उरला होता. निळी जर्सी राहिली, पण परगावच्या सामन्यांसाठी.

या चार आठवड्यांतला एक योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही. १३ मे रोजी आकाशी निळ्या जर्सीतली मँचेस्टर सिटी शेवटच्या मिनिटांत प्रीमियर लीग जिंकली. १९ मे रोजी म्युनिकमध्ये निळ्या चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. दोन्ही क्लबांचे मालक परदेशी होते आणि दोन्ही सामने जगभर पाहिले गेले. निळा रंग दूरदेशी विकला जात नाही, या समजुतीवर निर्णय घेतला जात असताना जगाच्या पडद्यावर हे चाललेलं होतं.

लाल संघ, निळा स्टँड

पाठीराख्यांच्या प्रतिक्रियेचे ढोबळ तीन प्रकार दिसतात, पण त्यांच्या सीमा काटेकोर नव्हत्या. एकच माणूस एका हंगामात तिन्हींमधून गेला असेल.

काहींनी जाणंच सोडलं. वडिलांनी बोट धरून पहिल्यांदा नेलं, मग आपण मुलाला नेलं, अशी पिढ्यांची सवय मोडणं सोपं नसतं. अशा माणसाला शनिवारची दुपार रिकामी जाते आणि तिचं काय करायचं हे कळत नाही. त्यांचा विरोध सगळ्यांत महाग होता आणि सगळ्यांत कमी दिसला, कारण न आलेल्या माणसाचा आवाज कोणाच्या कानावर पडत नाही.

काहींनी लाल पत्करला, आणि यातले सगळे काही लालसेपोटी गेले नव्हते. रंगापेक्षा क्लब जिवंत राहणं महत्त्वाचं, असं मानणारी माणसं त्यात होती. क्लबच बंद पडला तर निळी जर्सी कोणाला घालणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला सोपं उत्तर नाही, आणि त्यांना गद्दार म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तिसरा गट मोठा आणि मला सगळ्यात जवळचा. हे लोक येत राहिले, पण निळ्यात. लाल संघासाठी ओरडले आणि मधेच ‘आम्ही कायम निळेच राहणार’ असं गाऊ लागले. सामन्यात १९ मिनिटं २७ सेकंद झाली की उभं राहून निळे स्कार्फ उंचावायचे, अशी रीत त्यांनी पाडली. १९२७ ची आठवण घड्याळात बसवलेली. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. तिच्यात शिवीगाळ नाही, खेळाडूंना त्रास नाही आणि सामन्यात व्यत्ययही नाही. फक्त प्रत्येक सामन्यात एकदा, ठरल्या क्षणी, क्लबला त्याचा इतिहास दाखवला जातो. ‘कीप कार्डिफ ब्लू’ आणि पुढे ‘ब्लूबर्ड्स युनाइट’ या नावांनी पाठीराखे संघटित होत गेले.

दरम्यान संघ जिंकत होता. मॅनेजर माल्की मॅकाय यांनी घट्ट, शिस्तीचा संघ बांधला. १६ एप्रिल २०१३ रोजी चार्लटनशी ०-० बरोबरी झाली आणि बढती पक्की झाली. एक्कावन्न वर्षांनी. शेवटची शिट्टी वाजताच हजारो लोक मैदानात धावले. पाठोपाठ बर्नलीच्या मैदानावर बरोबरी साधून दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपदही आलं. ज्या दिवसाची वाट आजोबांनी आणि वडिलांनी पाहिली, तो दिवस आला आणि छायाचित्रांत आपला संघ भलत्याच रंगात उभा. हे दुःख बोलून दाखवणंही अवघड होतं. जिंकताना रडगाणं गाणारा माणूस कोणाला आवडतो? अनेकांच्या बाबतीत तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता.

मालकाच्या दृष्टीने व्यवहार चोख झाला होता. रंग दिला, यश मिळालं. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रीमियर लीगच्या घरच्या पहिल्या सामन्यात कार्डिफने मँचेस्टर सिटीला ३-२ ने हरवलं. नोव्हेंबरमध्ये स्टीव्हन कॉल्करच्या गोलवर कट्टर प्रतिस्पर्धी स्वान्सीला १-० ने नमवलं. तेव्हा रंगाचा प्रश्न मिटला, असं लिहिणारे होते.

सौदा मोडला

तो मिटला नव्हता. यशाने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं आणि ते पांघरूण पहिल्याच थंडीत निघालं.

ऑक्टोबर २०१३ मध्ये खेळाडूंच्या निवडीचे प्रमुख इयन मूडी यांना हटवण्यात आलं. डिसेंबरमध्ये मालक आणि मॅनेजर यांच्यातला बेबनाव उघड्यावर आला. राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू, असा निरोप मॅकाय यांना गेल्याची बातमी पसरली. पाठीराखे मॅनेजरच्या बाजूने उभे राहिले. २६ डिसेंबरला साउदॅम्प्टनने घरच्या मैदानावर ३-० ने हरवलं, दुसऱ्या दिवशी मॅकाय यांची हकालपट्टी झाली. २ जानेवारी २०१४ रोजी ओले गुन्नार सोल्शार आले, पण घसरण थांबली नाही. ३ मे रोजी न्यूकॅसलकडून ३-० ने हरल्यावर कार्डिफ खाली गेलं. हंगाम संपला तेव्हा ३० गुणांसह तळाला होतं. सोल्शारही सप्टेंबरमध्ये गेले.

मॅकाय यांच्या हकालपट्टीचा रंगाशी थेट संबंध नव्हता, पण पाठीराख्यांच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या गेल्या. आम्हाला न विचारता रंग बदलला, आम्हाला न विचारता आमचा मॅनेजर काढला. तक्रार रंगाची होती तेव्हा पाठीराख्यांत फूट होती, आणि ‘न विचारता’ ही तक्रार झाल्यावर ती सांधली गेली. २०१२ मध्ये लाल स्वीकारलेला माणूसही आता विरोधात बसला, कारण ज्याच्या बदल्यात त्याने रंग सोडला होता ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

टॅन यांच्यावर तेव्हा झालेली काही टीका मात्र ओंगळ होती, हेही नोंदवलं पाहिजे. सदऱ्यावर चढवलेली लाल जर्सी, काळे हातमोजे, वर चढवलेली विजार यांची खिल्ली वर्तमानपत्रांनी मनसोक्त उडवली. त्यातून त्यांच्या परकेपणाची टवाळी झाली आणि मूळ मुद्दा झाकोळला. मालक कुठला आहे याला महत्त्व नव्हतं. लंडनच्या मालकाने हेच केलं असतं तर तेही तितकंच चुकीचं ठरलं असतं.

मालकाचा हिशेब कुठे चुकला

दूरच्या देशात बसलेला नवा प्रेक्षक क्लब कसा निवडतो? जर्सीचा रंग पाहून नक्कीच नाही. तो यश पाहतो, एखाद्या खेळाडूच्या प्रेमात पडतो, किंवा क्लबची गोष्ट त्याला भावते. कार्डिफकडे यश आणि तारे इतरांपेक्षा कमी होते, पण गोष्ट होती. इंग्लंडबाहेर कप नेणारा एकमेव क्लब, निळे पक्षी. तीच गोष्ट पुसून तिच्या जागी बाजाराच्या अंदाजाने बनवलेलं चिन्ह ठेवलं गेलं.

याची कसोटी लागायला फार थांबावं लागलं नाही. २०१० च्याच उन्हाळ्यात लेस्टर सिटी थायलंडच्या किंग पॉवर समूहाने घेतलं. तोच प्रदेश, तीच श्रेणी, तोच निळा रंग. नव्या मालकांनी निळा ठेवला, बोधचिन्हावरचा कोल्हा ठेवला. २०१४ मध्ये कार्डिफ खाली गेलं तेव्हाच लेस्टर वर आलं आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकून बसलं. निळ्यामुळे जिंकलं असं मला म्हणायचं नाही. निळा आड येत नाही, एवढं मात्र यातून दिसतं.

मग रंग बदलूच नये का? बदलले गेले आहेत. मॅनेजर डॉन रेव्ही यांनी १९६१ मध्ये लीड्सला रेआल माद्रिदसारखं पांढऱ्यात उतरवलं. बिल शँक्ली यांनी १९६४ मध्ये लिव्हरपूलच्या लाल जर्सीखाली चड्डी आणि मोजेही लाल केले. माल्कम ॲलिसन यांनी १९७३ मध्ये क्रिस्टल पॅलेसला लाल-निळे पट्टे दिले आणि टोपणनावही बदललं. हे बदल मुरले, आज तेच परंपरा आहेत. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. ते बदल संघ घडवणाऱ्या माणसांनी संघासाठी केले, आणि त्यामागे ‘नाहीतर पैसा जाईल’ अशी टांगती तलवार नव्हती. रेव्हींचा पांढरा हे खेळाडूंपुढे ठेवलेलं ध्येय होतं. कार्डिफचा लाल कोणत्या खेळाडूसाठी होता?

उलट टोकाचं उदाहरण साल्झबुर्गचं. २००५ मध्ये रेड बुलने तिथला क्लब घेऊन जांभळा-पांढरा रंग काढून टाकला. पाठीराख्यांचा एक गट उठला आणि त्याने आपला ऑस्ट्रिया साल्झबुर्ग हा क्लब जांभळ्या रंगात नव्याने उभा केला, तोही सातव्या श्रेणीपासून. कार्डिफकरांनी तसं का केलं नाही, असं विचारणारे भेटतात. माझ्या मते ते गेले नाहीत कारण त्यांनी आशा सोडली नव्हती. दर सामन्यात १९:२७ ला स्कार्फ उंचावणारा माणूस क्लब सोडून निघालेला नसतो, तो दारात बसून राहिलेला असतो.

परत

२०१४-१५ च्या हंगामात रिकाम्या खुर्च्या वाढत गेल्या. पडल्या संघामागे उभं राहायला कारण लागतं आणि तेच काढून घेतलं गेलं होतं. २ जानेवारी २०१५ रोजी एफ.ए. कपमध्ये कोलचेस्टरविरुद्धच्या सामन्याला सुमारे चार हजार माणसं आली. कप सामन्यांना गर्दी एरवीही कमी असते हे खरं, तरी तेहतीस हजारांहून अधिक माणसं मावणाऱ्या स्टेडियममध्ये हे दृश्य मालकाला दिसलंच असणार.

आठवड्याभरात, ९ जानेवारीला, निर्णय आला. संघ पुन्हा निळ्यात खेळणार, लाल परगावच्या सामन्यांना. टॅन यांनी आपल्या आईचा उल्लेख केला. ती श्रद्धाळू बौद्ध आहे आणि तिने एकोपा आणि आनंद यांचं महत्त्व सांगितलं, असं ते म्हणाले. यावर खूप लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. चूक मागे घ्यायला माणसाला कुठला तरी पूल लागतो, आणि आईचं ऐकून माघार घेणं हा फार चांगला पूल आहे. पाठीराख्यांनी तो स्वीकारला. दुसऱ्याच दिवशी, १० जानेवारीला, संघ फुलहॅमविरुद्ध निळ्यात उतरला आणि १-० ने जिंकला. मार्चमध्ये नवं बोधचिन्ह आलं. त्यात निळा पक्षी पुन्हा मोठा झाला आणि तळाशी छोटा पौर्वात्य ड्रॅगन राहिला. माणसं रंग मागत होती, सूड मागत नव्हती, म्हणून त्या ड्रॅगनवरून पुन्हा लढाई पेटली नाही.

याच मालकाच्या काळात, नील वॉर्नॉक यांच्या हाताखाली, कार्डिफ २०१८ मध्ये निळ्यात पुन्हा प्रीमियर लीगमध्ये गेलं आणि पुढच्याच वर्षी परतलं. २०२५ मध्ये निळ्यातच तिसऱ्या श्रेणीत घसरलं. लाल असताना वर गेलं आणि खाली आलं, निळं असतानाही वर गेलं आणि खाली आलं. घसरणीच्या दिवशी रडणाऱ्याला निदान आपण कोणासाठी रडतोय हे ठाऊक होतं.

२०१२ मध्ये कार्डिफच्या पाठीराख्याच्या हातात कायद्याचं काहीही नव्हतं. हल सिटी या इंग्लिश क्लबच्या मालकाला क्लबचं नाव ‘हल टायगर्स’ करायचं होतं, ते इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने एप्रिल २०१४ मध्ये नाकारलं, कारण नावाला परवानगी लागत होती. रंगासाठी पाठीराख्यांचा कौल घेण्याचं बंधन नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अहवालाने क्लबचे रंग आणि बोधचिन्ह अशा वारशाच्या गोष्टींवर पाठीराख्यांना नकाराधिकार द्यावा, अशी शिफारस केली. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. त्यातल्या तरतुदीनुसार घरच्या जर्सीच्या रंगात किंवा बोधचिन्हात मोठा बदल करायचा तर क्लबच्या बहुसंख्य पाठीराख्यांची मान्यता लागते. इंग्लिश लीगमध्ये खेळणाऱ्या वेल्श क्लबांनाही हे लागू आहे. एवढ्यावर मी पूर्ण समाधानी नाही. २०१२ च्या जूनमध्ये कार्डिफमध्ये मतदान घेतलं असतं तर त्या पत्राच्या सावलीत लाल जिंकलाही असता. मान्यता मागण्याआधी गुंतवणुकीची भीती दाखवायची नाही, हे कायद्याने कसं साधायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

लाल काळातली एक मोठी खूण मात्र लगेच पुसता आली नाही. २०१४ मध्ये, प्रीमियर लीगच्या आशेवर, निनियन स्टँडवर आणखी एक मजला चढवला होता. स्टेडियमच्या निळ्या खुर्च्यांच्या वर त्या मजल्यावरच्या खुर्च्या लाल बसवल्या. संघ निळ्यात परतला, पण भरण्याइतकी माणसं उरली नव्हती, आणि २०१५-१६ च्या हंगामात क्लबने तो मजला बंद ठेवला. खाली निळ्यातला संघ खेळत होता, वर रिकाम्या लाल ओळी होत्या.